ड्रिल बिटला धार लावायचं मशीन आणि सोबत 'कोबाल्ट' सेट: पैसे भरायच्या आधी हे वाचा

बोथट ड्रिल बिटला काही सेकंदात नव्यासारखी धार लावून देणारं छोटं मशीन आणि सोबत सोनेरी रंगाचा "कोबाल्ट" बिटचा सेट, अशी एकत्र ऑफर बघून मी ऑनलाइन पैसे भरले आणि दोन्हीत फसवला गेलो. सविस्तर लिहितोय कारण हे लोक नेमकं घरच्या वर्कशॉपवाल्यालाच गाठतात, ज्याच्या डब्यात बोथट बिटं साठलेली असतात आणि ती टाकून द्यायला जीव होत नाही.

आधी त्यांचा व्हिडिओ. बोथट बिट मशीनच्या भोकात घालतात, गुर्र आवाज होतो, बाहेर काढतात तर टोक चकाचक, आणि लगेच स्टेनलेसच्या पट्टीत लोण्यात सुरी जावी तसं भोक. माल हातात आल्यावर मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून परत बघितला तेव्हा कळलं की मशीनमध्ये जाणारं बिट आणि पट्टीला भोक पाडणारं बिट एक नाहीच. आत जातं त्याचं टोक साधं ११८ अंशाचं, मधली आडवी रेघ म्हणजे चिझल एज चांगली लांब. भोक पाडतं ते टोक जास्त चपटं, १३५ अंशाचं, आणि मधली रेघ दोन्ही बाजूंनी कापून अगदी बारीक केलेली, ज्याला स्प्लिट पॉइंट म्हणतात. ते कापायचं तर बिट वेगळ्या कोनात धरून घासायच्या चाकाच्या कडेवर न्यावं लागतं. ह्या मशीनमध्ये बिट एकाच कोनात जातं, दुसरी काही सोयच नाही, म्हणजे हे काम ते मशीन करूच शकत नाही. मधे एकदा कॅमेरा कट होतो, तिथे बिट बदललंय. सरळ सरळ खोटं आहे हे.

आता मशीन काय करतं ते सांगतो, हे नीट समजून घ्या कारण सगळी फसवणूक ह्याच्यावर उभी आहे. ड्रिल बिटचं टोक चकचकीत झालं म्हणजे धार लागली असं अजिबात नसतं. बिट कापतं ते पुढच्या दोन कडांनी, आणि त्या कडेच्या मागचा भाग हळूहळू खाली उतरत गेलेला असावा लागतो, साधारण ८ ते १२ अंश, त्याला क्लिअरन्स किंवा रिलीफ म्हणतात. तो उतार नसेल तर कड कितीही तासलेली असू दे, मागची टाच धातूवर आधी टेकते आणि कड धातूपर्यंत पोचतच नाही, नुसतं घासत बसतं, किंचाळतं, धूर येतो, आणि आपण अजून जोर लावतो म्हणून अजून तापतं. हे मशीन टोकाला पेन्सिलीच्या शार्पनरसारखा गोल शंकू करून देतं, म्हणजे कड आणि टाच एकाच उंचीवर. फोटोत सुंदर दिसतं, कापत काहीच नाही. माझं ८ मिमीचं बिट आधी थोडं तरी कापत होतं, ह्या मशीनमधून काढल्यावर साध्या लोखंडी पट्टीवर नुसता चकचकीत खळगा पाडून थांबलं.

दुसरी भानगड मशीनच्या भोकाची. बिट त्यात सैल बसतं, त्यामुळे टोक मधोमध येत नाही, एक कड लांब आणि एक आखूड होते. मग सगळं काम एकच कड करते आणि भोक मापापेक्षा मोठं पडतं. हे ओळखायला भिंग पण लागत नाही, भोक पाडताना कीस बघा, दोन्ही खोबणींतून सारख्या गुंडाळ्या बाहेर यायला पाहिजेत, एकाच बाजूने येत असतील तर टोक वाकडं घासलंय हे नक्की.

चाक "डायमंड" आहे असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आता हिरा म्हणजे कार्बन, आणि लोखंडाशी गरम घासला गेला की तो कार्बन लोखंडात विरघळतो आणि हिऱ्याचे कण लवकर झिजतात, म्हणून डायमंड चाक कार्बाइड ह्या अतिकडक धातूच्या हत्यारांसाठी चांगलं, पण एचएसएसला (हाय स्पीड स्टील, ज्याची चांगली बिटं बनतात) नेहमीचं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक नाहीतर सीबीएन (बोरॉन नायट्राइडचं कडक चाक) वापरतात. म्हणजे ते खरंच डायमंड असतं तरी ह्या कामासाठी फुशारकी मारण्यासारखं काही नव्हतं. आणि माझ्या चाकावरचा थर तर थोडीच बिटं घासल्यावर सोलून खालचा पत्रा दिसायला लागला.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो बिटच्या सेटचा. बिटवर एम३५ असं कोरलेलं. एम३५ म्हणजे साधारण ५ टक्के कोबाल्ट असलेलं हाय स्पीड स्टील, एम४२ मध्ये ८ टक्के असतं. हा कोबाल्ट पूर्ण स्टीलमध्ये मिसळलेला असतो, वरून लावलेला नसतो, म्हणून कोबाल्टचं बिट घासून घासून आखूड झालं तरी कोबाल्टचंच राहतं. सोनेरी रंगाचा आणि कोबाल्टचा संबंध नाही. बऱ्याच बिटांवरचा सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा असतो, तो थर काही मायक्रॉनच जाड पण इतका कडक की थिनरने काय, कशानेच पुसला जात नाही. माझ्या बिटचा रंग थिनर लावलेल्या फडक्यावर उतरला. रंग मारला होता हो चक्क!

मग गॉगल घालून ठिणग्या बघितल्या. जुनं खात्रीचं एचएसएस बिट ग्राइंडरला लावलं तर ठिणग्या कमी, लालसर नारिंगी, फारशा फुटत नाहीत. ह्यांचं बिट लावलं तर पिवळ्या पांढऱ्या ठिणग्यांचा फवारा, टोकाला चांदण्यांसारख्या फुटणाऱ्या. ते साधं कार्बन स्टील. ठिणग्यांवरून कोबाल्ट किती हे कळत नाही, पण कार्बन स्टील मात्र लपत नाही. कार्बन स्टीलचं पाणी म्हणजे कडकपणा २००-३०० अंश सेल्सिअसलाच उतरायला लागतं, एचएसएस जवळजवळ ६०० अंशांपर्यंत कडक राहतं. म्हणून त्या सेटमधलं बिट एका भोकात निळं पडलं आणि नंतर त्याच्या टोकाला कानस लागायला लागली, चांगल्या बिटवर कानस नुसती घसरते.

अशी सगळीच मशीनं खोटी असतात असं मी म्हणत नाहीये. बिटला घट्ट पकडणारा चक असतो, टोकाच्या मागे उतार करायची सोय असते आणि स्प्लिट पॉइंटसाठी वेगळी जागा असते अशी चांगली मशीनं मिळतात. विकणाऱ्याला एवढंच सांगायचं, एकच बिट, कॅमेरा न थांबवता, धार लावताना आणि नंतर लोखंडात भोक पाडताना दाखव, आणि धारेच्या मागची टाच जवळून दाखव. मी नंतर त्याच विक्रेत्याला हा व्हिडिओ मागितला, तर "आमचे हजारो ग्राहक खूश आहेत" एवढंच उत्तर आलं.

तक्रार केल्यावर काय करतात ते पण ऐका. आधी म्हणाले तुमची पद्धत चुकतेय, व्हिडिओ पाठवा. पाठवला तर उजेड कमी आहे, परत काढा. मग दुसऱ्या धातूवर करून दाखवा. हा सगळा वेळकाढूपणा रिटर्नची मुदत संपेपर्यंत चालतो, म्हणून पहिल्या उत्तराची वाट न बघता रिटर्नची रिक्वेस्ट टाकून ठेवा, बोलणं नंतर. मुदत संपत आली तसा मेसेज आला की थोडे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या आणि रिव्ह्यू बदला. तिथे "ओके" लिहू नका, त्या एका शब्दावर ते प्रकरण मिटलं असं दाखवतात.

मी पैसे ज्या कार्डने भरले होते तिथे वाद नोंदवला. टाच, क्लिअरन्स वगैरे लिहिलं ते तिकडच्या माणसाला काही कळलं नाही, "वापरण्याच्या पद्धतीचा प्रश्न" म्हणून मशीनची तक्रार बाजूला ठेवली. पण थिनरच्या फडक्यावर रंग उतरतानाचा न थांबवलेला व्हिडिओ आणि शेजारी जाहिरातीतला "कोबाल्ट" शब्द, हे त्यांना लगेच कळलं आणि सेटचे पैसे परत आले. मशीनचे अजून अडकलेत. तुम्ही अडकला असाल तर बिटं घासून संपवायच्या आधी दोन तरी तशीच पाकिटात ठेवा आणि तक्रारीत पहिल्या ओळीत रंगाचंच लिहा.