डुक्कर, सोन्या आणि ॲक्मी २११.५ ची शिट्टी (सात महिने वापरून)

डुक्कर दिसलं की आमचा सोन्या आमचा राहत नाही. अडीच वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा आहे, घरात एकदम गरीब गाय, पण नागपूरच्या फुटाळा तलावाकडे सकाळी फिरवून राहिलो होतो, पट्टा सुटला आणि समोर डुकराची पिल्लं, मग काय बाप्पा, तो पुढे, मी मागे आणि मधे रस्ता. मी ओरडतोय "थांब", बायको ओरडतेय "स्टॉप", पोरगी तिकडून "सोन्याऽऽ रुक ना", तीन माणसं तीन भाषा, कुत्र्यानं ऐकायचं तरी कोणाचं? एका ऑटोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचला. त्याच रात्री ही शिट्टी ऑर्डर केली.

त्याआधी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, एक स्टीलची आणली होती, आत गोटीवाली, पीटी मास्तरची असते तशी. ती आठ दिवसांतच कपाटात गेली. एक तर थुंकी गेली की गोटी अडकते आणि आवाज दरवेळी वेगळा येतो. दुसरं म्हणजे आमच्या गल्लीतला कचरागाडीवाला सेम तशीच वाजवतो, त्यामुळे रोज सकाळी फुकटात शिट्टी ऐकून ऐकून सोन्यासाठी तिचा अर्थच उरला नाही.

ॲक्मीची ही प्लास्टिकची, बोटाएवढी, आत गोटी नाही. कंपनी बर्मिंगहॅमची, जोसेफ हडसन नावाच्या माणसानं १८७० मध्ये सुरू केलेली, लंडनच्या पोलिसांची शिट्टी पण त्यांचीच. खरी गंमत त्या नंबरात आहे. २११.५ म्हणजे ठरलेला सूर, हरवली आणि त्याच नंबरची दुसरी घेतली तरी कुत्र्याला नव्यानं शिकवावं लागत नाही. स्पॅनियल जातीचे कुत्रेवाले बहुतेक २१०.५ घेतात, लॅब्राडोर-गोल्डनवाले २११.५. पण असा काही कायदा नाही, एक नंबर धरला की तोच ठेवायचा एवढंच. मला सातशेच्या आत पडली. विकणाऱ्यानं फोटोत गळ्यातली दोरी दाखवली होती, पार्सलमधे नुसती शिट्टी निघाली, तो एक स्टार त्याचा कापतो, शिट्टीचा नाही.

आता खरं सांगतो, शिट्टी वाजवली आणि कुत्रा थांबला असं होत नाही भाऊ. पहिल्या दिवशी मी छातीभर हवा भरून फुंकली तर सोन्यानं फक्त मान वाकडी करून पाहिलं, हा काहून असा करून राहिला म्हणून. तर आम्ही सुरुवात केली जेवणाच्या वाटीपासून. वाटी हातात, एक लांब पीऽऽऽ, लगेच "बस" आणि हात वर. बसला की वाटी खाली. सकाळ-संध्याकाळ दोनदा, आठ-दहा दिवसांत "बस" म्हणायची गरजच राहिली नाही. मग पट्ट्यावर चालता चालता. मग दहा मीटरची लांब दोरी लावून मोकळ्या प्लॉटवर, आणि इथेच सगळ्यांचं घोडं अडतं, कारण जवळ बसणं वेगळं आणि लांब असताना जागच्या जागी थांबणं वेगळं. कुत्र्याला वाटतं की बसायचं म्हणजे मालकाजवळ येऊन बसायचं, आणि तो धावत तुमच्या पायाशी येतो. त्याला तोड अशी की थांबला की बॉल आपल्याकडे नाही, त्याच्या डोक्यावरून मागे फेकायचा. थांबल्याचं बक्षीस पाठीमागे मिळतं हे एकदा डोक्यात शिरलं की पुढे यायचं वेड जातं. मला हे कळायला तीन आठवडे लागले, तोवर चिकनचे तुकडे खाऊन साहेबांचं वजन तेवढं वाढलं.

आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. तो बोलावल्यावर धावत येत असताना मधेच थांबवायचा खेळ आम्हाला फार आवडायला लागला, पाहुणे आले की दाखवायचो. पंधरा दिवसांनी बोलावलं की हा अर्ध्या रस्त्यात हळू व्हायला लागला, आता वाजवतील मग वाजवतील करत. बंद केलं ते. बोलावायला छोट्या छोट्या पिप-पिप-पिप आणि थांबायला एकच लांब, दोन्ही वेगळं ठेवायचं. आणि नाही थांबला तर परत परत फुंकायची नाही, चालत जायचं आणि जिथे वाजवली होती तिथे आणून बसवायचं. उन्हात हे चालत चालत जाणं जीवावर येतं, एप्रिल-मेमधे तर आम्ही साडेपाचला सुरू करून साडेसहाला घरी, नंतर ना त्याच्यात जीव राहत ना माझ्यात.

मुळात ही जात स्कॉटलंडची, १८६८ मधे लॉर्ड ट्वीडमाउथकडे पिवळी पिल्लं झाली तिथून सुरुवात, काम काय तर पडलेलं पाखरू तोंडात उचलून आणायचं. लांब गेलेल्या कुत्र्याला शिट्टीनं थांबवायचं आणि हातानं डावीकडे-उजवीकडे दाखवायचं, हे त्याच कामातून आलेलं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद, म्हणून सोन्याचं पाखरू म्हणजे जुन्या मोज्यात भरलेल्या चिंध्या. पण डोकं तेच आहे, थांबून वळून बघतो तेव्हा जाणवतं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते हे की शिट्टीला राग कळत नाही. मी घाबरून ओरडलो की आवाज फाटतो आणि तो अजून पळतो. शिट्टी मी फुंको की पोरगी, त्याला तेच ऐकू येतं. मागच्या महिन्यात तिनंच थांबवला, परत डुक्करच होतं, वीस-पंचवीस पावलांवर. थांबला, बसला, शेपटी मातीत घासत होता, सगळं अंग थरथरत होतं पण उठला नाही. मी पट्टा लावेपर्यंत तिनं हात वरच ठेवला होता.

पाचपैकी चार. दुसरी पण मागवली, तोच नंबर, फ्रिजच्या बाजूच्या खिळ्याला टांगली आहे. फ्लॅटच्या आत मात्र वाजवू नका, आवाज भल्ला टोकदार आहे, वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा खाली येऊन गेल्या.