राजारामपुरीतील जुन्या पुस्तकांचे दुकान आणि जेफरसन यांची पत्रे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले थॉमस जेफरसन यांच्या निवडक पत्रांचा इंग्रजी खंड मी १८० रुपयांना घेतला. बांधणी सैल आहे आणि सूचीची पाने फाटलेली आहेत, हे दुकानदाराने आधी सांगायला हवे होते. तरीही मजकुराच्या मानाने किंमत रास्त वाटली.

अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे मुख्य लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण या खंडातील खरा ऐवज १८१६ च्या पत्रांत आहे. परगण्यांची लहान लहान वॉर्डांत विभागणी करावी आणि रस्ते, शाळा, गोरगरिबांची देखभाल अशी कामे तेथील नागरिकांनी स्वतःच पाहावीत, कारण रोजच्या कारभारात ज्याचा वाटा असतो तो आपले स्वातंत्र्य सहजासहजी कोणाला हिरावू देत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शिक्षणाविना स्वराज्य टिकत नाही, असेही ते मानत. १७७९ मध्ये व्हर्जिनियात त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते मंजूर झाले नाही; १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या शाहू महाराजांच्या करवीरात हे वाचताना मन थबकते.

मात्र समतेचा हा उद्गाता हयातभरात सहाशेहून अधिक माणसांना गुलाम म्हणून बाळगून होता, आणि प्रस्तावनेने ही गोष्ट दोन ओळींत उरकली आहे. ते मला खटकले.

दुकानात उभ्याने चाळायला मुभा आहे; संध्याकाळी उजेड अपुरा असल्याने दुपारी जावे आणि पाने मोजूनच पैसे द्यावेत.