औषधांपासून किडनी जपायची: हळद, एनएसी की मॅग्नेशियम?

सिस्प्लॅटिनची केमो ठरली किंवा जेंटामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू झाली (दोन्ही औषधं किडनीला इजा करू शकतात), की घरातलं कुणीतरी विचारतंच, किडनीसाठी सोबत काही नैसर्गिक द्यायचं का? प्रश्न मायेपोटी येतो, म्हणून उत्तर गुळमुळीत नको.

पहिला विचार हळदीचा, म्हणजे कर्क्युमिन या तिच्यातल्या घटकाच्या कॅप्सूलचा. उंदरांच्या प्रयोगांत ते सिस्प्लॅटिनपासून किडनी वाचवतं. माणसांत चित्र पालटतं. पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या ६०६ रुग्णांवर कॅनडात झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात किडनीला अचानक इजा झाली ती कर्क्युमिन घेणाऱ्या १७ टक्क्यांना आणि प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) घेणाऱ्या १० टक्क्यांना. तिथे किडनीला धोका शस्त्रक्रियेचा होता, सिस्प्लॅटिनसारख्या औषधाचा नव्हता, हे मान्य. तरी 'निरुपद्रवी तर आहे ना' हा दिलासा इथेच संपतो. हळदीत ऑक्सलेट, म्हणजे किडनीत खडे करू शकणारं द्रव्यही भरपूर असतं.

एनएसीची, म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन या गंधक असलेल्या औषधाची गोष्ट वेगळी. अँजिओग्राफीच्या डायपासून बचावासाठी ते वर्षानुवर्षं दिलं गेलं. मग सुमारे ५,००० रुग्णांच्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. सिस्प्लॅटिनसोबत तर स्वतःहून घेऊच नका: त्यातला गंधक प्लॅटिनमला जखडतो, त्यामुळे केमोचा जोरच कमी होण्याची भीती असते.

व्हिटॅमिन सीचे मोठे डोस मी बादच करेन, कारण त्याचं शरीरात ऑक्सलेट होतं आणि त्याचे खडे किडनीतच साचू शकतात.

उरतं मॅग्नेशियम, आणि माझं मत त्याच्याच बाजूने. सिस्प्लॅटिनमुळे ते लघवीवाटे वाहून जातं आणि त्याची कमतरता किडनीची इजा वाढवते. म्हणून अनेक ठिकाणी केमोच्या दिवशी सलाईनसोबत ते शिरेतून देतात. पण हा फायदा सिस्प्लॅटिनपुरता धरा. किडनी आधीच अशक्त असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं, म्हणून दुकानातून आणून सुरू करू नका.

जेंटामायसिन चालू असेल तर यातलं काहीच न घेता क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि रक्तातली औषधाची पातळी वेळेवर तपासून घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या या काळात डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. बीपीची आणि लघवीची गोळी चालू असताना तर त्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. आणि कॅप्सूल आधीच सुरू केली असेल, तर पुढच्या भेटीला डबीच सोबत न्या.