पर्चेस ऑर्डरच्या मागच्या अटी

कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा कंपनीशी संशोधनाचा करार होणार असेल, तर सामंजस्य करारावर घालवाल त्याच्या दुप्पट वेळ नंतर येणाऱ्या पर्चेस ऑर्डरवर घालवा. आम्हाला गंडवलं ते तिथे.

विषय काजूच्या बोंडूंचा, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळांचा. सिंधुदुर्गात बी विकली जाते, बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतात. तोडले की दिवसभरात आंबायला लागतात, रस काढावा तर टॅनिनमुळे घसा धरतो. साबुदाण्याची किंवा तांदळाची पेज घालून तुरटपणा खाली बसवता येतो. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींच्या बोंडूंवर प्रमाण, तापमान, वेळ बदलत आमच्या विभागाने त्याची नीट पद्धत बसवली होती. मग पेयं बनवणारी एक कंपनी स्वतःहून दारात आली.

सामंजस्य करार देखणा होता. मालकी संयुक्त, शोधनिबंध छापायची मोकळीक, विद्यार्थ्यांना मानधन. शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला. शेवटी एक साधं वाक्य होतं, की आर्थिक व इतर तपशील स्वतंत्र कागदपत्रांनी ठरतील.

ते कागदपत्र म्हणजे पर्चेस ऑर्डर. पुढे रक्कम, जीएसटी, हप्ते. मागे फिकट करड्या, भिंग लागेल अशा अक्षरांत छापील अटी: ‘पुरवठादाराचं’ सगळं काम खरेदीदाराच्या मालकीचं, आधीच्या कोणत्याही कागदापेक्षा ही ऑर्डर वरचढ, शेवटचा हप्ता ‘समाधानकारक’ अहवालानंतर, लेखी परवानगीशिवाय काही छापायचं नाही, न्यायक्षेत्र दिल्ली. बाटल्यांची झाकणं पुरवणाऱ्यालाही हाच फॉर्म जात असणार. कंपनीचा माणूस हेडक्लार्कना फोनवर म्हणाला, “भाऊसाहेब, फॉर्मॅलिटी आहे हो, शिक्का मारून स्कॅन पाठवा, ॲडव्हान्स आजच सोडतो.” मार्चअखेर होती. शिक्का बसला. विभागाला त्याचा पत्ताही नव्हता.

अहवाल गेला, ‘समाधानकारक नाही’ एवढंच उत्तर आलं. कारण नाही, हप्ता नाही. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तोवर बाहेर कुणाला कळत नाही. आम्हालाही तेव्हाच कळलं. अर्जदार कंपनी, संशोधक तिचे दोन अधिकारी. तक्ते आमचे. एका रकान्यात आमच्या विद्यार्थिनीचं दशांश चिन्ह चुकलं होतं, तेसुद्धा जसंच्या तसं! तिचा प्रबंध मात्र ‘परवानगी नाही’ म्हणून अडकला. पैशापेक्षा याचीच चीड जास्त येते.

पेटंट मिळण्याआधी, १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली कुणालाही हरकत घेता येते. शोध दुसऱ्याकडून गैरमार्गाने मिळवला, हा त्यातला एक मुद्दा. आम्ही ती घेतली आहे. कंपनी ऑर्डरच्या मागच्या पानावर बोट ठेवते, आम्ही प्रयोगवहीच्या तारीख-सहीच्या पानांवर, त्यातही कंपनी येण्याआधीच्या. म्हणून आधी झालेल्या कामाची यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडाच. ऑर्डरवरच्या छापील अटी लागू नाहीत हे करारातच लिहून घ्या. छापण्याची परवानगी ३० दिवसांत आली नाही तर दिली असं धरलं जावं. ‘समाधानकारक’ शब्द खोडून अहवालात काय काय असेल ते मांडा.

संस्थेने हेडक्लार्कना मेमो दिला. मला ते पटलं नाही, ऑर्डर वाचायचं काम त्यांना कुणी दिलंच नव्हतं.

तीच मंडळी सध्या रत्नागिरीकडे कोकमावर काम करणाऱ्यांना भेटतायत असं कानावर आलंय. सामंजस्य करार तसाच देखणा आहे म्हणे.