दोन युद्धांमधली प्रेमकादंबरी: मुळशीत घडवावी की गिरणगावात?

१९१८ ते १९३९ या काळातली, प्रेम आणि हलाखीची कादंबरी मराठी मातीत रचायची, तर मुळशीचं खोरं आणि मुंबईचं गिरणगाव या दोन्ही जागा तोलामोलाच्या आहेत. हाल दोन्हीकडे आहेत. प्रेमाला वाव मात्र सारखा नाही.

मुळशीत संघर्ष तयारच मिळतो. धरण टाटा कंपनीचं, पाणी विजेसाठी आणि बुडणार ती आंबेमोहराची खाचरं. १६ एप्रिल १९२१ला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते. इथे लेखक फसतो तो एकच खलनायक धरून. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि त्यांना नुकसानभरपाईत रस होता. हा तिढा वगळला की कथानक सपाट होतं. शिवाय मुलींची लग्नं लहानपणीच होत. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा लागू झाला तो १९३०मध्ये. म्हणजे नायक-नायिका बहुधा नवरा-बायकोच. तो तुरुंगात आणि ती खाचरात, अशी कथा इथे शोभेल. चोरून भेटीगाठी ओढूनताणून वाटतील.

गिरणगावात सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यात बायका स्वतः कमवत, काही जणी खाणावळी चालवत. ओळख वाढायला रोजचं निमित्त आहे. विणकराला दोनाऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवायला लावणाऱ्या योजनेमुळे पेटलेला १९२८चा संप एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. खाणावळीची उधारी थकते, माणसं गावी निघतात. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद, म्हणजे मे महिन्यात रत्नागिरीला गेलेला प्रियकर सहजी परतत नाही. ताटातूट आपोआप होते, योगायोग रचावा लागत नाही.

एक चूक मात्र कादंबरी बुडवील: दलित नायकाला साचेखात्यात उभं करणं. नवी सुताची कांडी भरताना विणकर धोट्याच्या, म्हणजे मागात आडवं सूत नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून घेई. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून सवर्ण विणकर विटाळ मानत आणि चांगल्या पगाराचं ते खातं अस्पृश्यांना बंद असे. आंतरजातीय प्रेम लिहायचं असेल तर याहून बोचरा तपशील सापडणार नाही.

आमचा कौल गिरणगावाला. मुळशी सोडवत नसेल तर पहिली पन्नास-साठ पानं तिला द्या, मग नायकाला मुंबईला आणा. मुळशीच्या पाण्यावरचं भिरा वीजकेंद्र १९२७ला सुरू झालं आणि वीज मुंबईकडे गेली, तेव्हा सांधा खराच आहे. फक्त आल्याआल्या त्याला साचा देऊ नका. आधी बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, रोज पहाटे गिरणीच्या दारात उभा, जॉबरला (मुकादमाला) दस्तुरी, म्हणजे लाच, देऊन काम मिळवणारा असाच तो हवा.