वसईतल्या आमच्या शाळेचा उपवासकाळ: एका आईचा अभिप्राय

प्रवेशाचे दिवस आले की सोसायटीतल्या बायका हमखास विचारतात, "कॉन्व्हेंटमध्ये घालायचंय, पण लेंटमध्ये सगळ्याच मुलांना चर्चमध्ये नेतात का हो?" लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. माझा मुलगा सातवीत आहे आणि आम्ही कॅथलिक आहोत. शाळेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

तर, नेत नाहीत. २०२५ साली राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, ५ मार्चला होता. कॅथलिक मुलं मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) गेली, बाकीच्यांचा वर्गात मूल्यशिक्षणाचा तास झाला. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर हॉलमध्ये क्रुसाची वाट (येशूच्या शेवटच्या प्रवासातले प्रसंग आठवत करायची प्रार्थना) असते, तीही ज्याला यायचं त्याच्यासाठी. त्यातली चौदा स्थानं, म्हणजे प्रसंग, वर्गावर्गात वाटून दिलेली आणि प्रार्थना मुलांनीच मराठीत लिहिलेल्या. तिसऱ्या स्थानाला, येशू पहिल्यांदा पडतो तिथे, एका मुलीने विरार लोकलमधून पडणाऱ्यांसाठी प्रार्थना लिहिली होती. वाचताना तिचा आवाज कापत होता, पण छापील पुस्तिकेतलं एक वाक्यही मला इतकं भिडलं नव्हतं.

उपाशी कोणाला ठेवत नाहीत. चर्चच्या नियमाप्रमाणे मांस वर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून आणि उपवास अठरा ते एकोणसाठ वयातल्यांना, तोही राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. (मटण सोडून शुक्रवारी पापलेट तळणाऱ्या आम्हा वसईकरांनी त्यावर जास्त बोलू नये.) सिस्टरांचं सांगणं एवढंच, की आवडीची एक गोष्ट सोडा आणि वाचलेले पैसे पुठ्ठ्याच्या डबीत टाका. आमच्या चिरंजीवांनी कॅन्टीनचा समोसा सोडला. बाकावरच्या मित्राचे रोजे २ मार्चलाच सुरू झालेले. तो म्हणाला, "आम्ही पाणीपण पीत नाही, आणि तू नुसता समोसा सोडलास?" त्यावर घरी दोन दिवस चर्चा चालली, मग साहेबांनी मोबाइलवरचा गेमही सोडला.

वृद्धाश्रमाला धान्य देण्याचं काम मात्र खरंच शिकण्यासारखं आहे. आधी प्रत्येकाने मूठभर तांदूळ आणायचे आणि ते सगळे एकाच पिंपात ओतायचे. वाडा कोलम, रेशनचा, बासमती, उकडा, सगळं एकत्र. वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकीण मावशींनी शेवटी सांगून टाकलं, की निम्मा भात गाळ होतो आणि निम्मा कच्चा राहतो. आता शाळा आधी आश्रमाला फोन करते आणि यादी मागवते. पाचवीने तूरडाळ, सहावीने साखर, सातवीने अंगाचा साबण आणि खोबरेल तेल. आठवी-नववीची मुलं सामान पोचवायला जातात आणि तिथेच दुपारभर बसून आजी-आजोबांना पेपर वाचून दाखवतात. भाषणं नाहीत, हारतुरे नाहीत.

आता तक्रार. डब्या जमा झाल्या की कुठल्या वर्गाचे किती रुपये, हे जिन्याजवळच्या फळ्यावर लिहितात आणि पहिल्या वर्गाला ढाल देतात. मग काय, शेवटच्या दिवशी गेटवर गाड्या थांबवून बाप लोक डबीत पाचशेच्या नोटा कोंबतात! मुलाने महिनाभर साठवलेली नाणी त्यात दिसणार तरी कशी? राखेच्या बुधवारी मिस्सेत बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचं वाचन असतं: दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आणि इथे फळ्यावर रंगीत खडूने कळवतात. पालक सभेत मी हे बोलले. "मुलांना उत्साह येतो," एवढंच उत्तर मिळालं. मला ते पटलेलं नाही, पुढच्या सभेत पुन्हा विचारणार आहे.

पाचपैकी चार तारे.

नवीन पालकांनी एक लक्षात ठेवावं. या काळात वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटू देत नाहीत, त्याऐवजी शाळेच्या वाचनालयाला एक पुस्तक द्यायला सांगतात. फेब्रुवारी-मार्चचा वाढदिवस असेल तर मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर सकाळी बूट घालताना रडारड होते.