गॅसवाले शॉकअप, 'पत्र्याचं' मडगार्ड आणि माझे नऊ हजार

बुलेटचं मागचं मडगार्ड आखूड करायचं आणि गॅसवाले शॉकअप टाकायचे, हे काम मुंबईत बरीच पोरं घरीच करतात, बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये. मी पण करतो, पाना सेट, सेंटर स्टँड आणि मदतीला एक माणूस एवढं असलं की जमतं. फसवणूक होते ती पाना हातात घ्यायच्या आधी, माल घेताना, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला एक जण भेटला, ऑनलाइन जाहिरात त्याचीच होती. दोन शॉकअप आणि मडगार्ड मिळून बारा हजार, आणि कंपनीचे जुने पार्ट दिले तर तीन हजार कमी. म्हणाला, "भाऊ, बाहेरच्या बाईकचे काढलेले आहेत, नायट्रोजन भरलेला आहे, मडगार्ड जाड पत्र्याचं आहे आणि सगळं आरटीओ पास." पैसे क्यूआरवर घेतले, नाव भलत्याच माणसाचं आलं, विचारलं तर म्हणे भावाचं आहे. बिल नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला. फिटिंगच्या दिवशी त्याचा पोरगा भांडुपला आला, जुने शॉकअप आणि मडगार्ड टेम्पोत टाकून घेऊन गेला. खरा डाव हाच होता हे मला आता कळतंय, कारण ओरिजिनल पार्ट हातातून गेले की तुमच्याकडे परत लावायला काहीच उरत नाही.

गाडी हायवेला काढली तर विक्रोळीच्या आसपास खड्डा आला की मागचं चाक उड्या मारायला लागलं, ब्रेक दाबला की मागून गाडी भरकटायची. बायको मागे बसली होती, तिने माझा खांदा असा धरला की मी लगेच गाडी बाजूला घेतली. शॉकअपमधली स्प्रिंग फक्त वजन पेलते, तिला परत उसळताना आवरायचं काम आतलं ऑइल करतं, ते बारीक भोकांतून जातं म्हणून दांडा सावकाश बाहेर येतो. आणि नायट्रोजनचा दाब असतो तो ऑइलला फेस येऊ नये म्हणून, फेस आला की शॉकअप मऊ पडतो. आमच्या इथल्या गॅरेजवाल्या काकांनी एक खोलून दाखवला. कॅनिस्टर, म्हणजे शॉकअपला जोडलेला गॅसचा डबा, तो नुसता रिकामा, बाहेरून वेल्डिंग केलेला, आत जायला भोकच नाही! ऑइल जेमतेम, सील गेलेलं, दांड्यावर गंजाचे खड्डे आणि त्यावर चंदेरी रंग मारलेला.

मडगार्डला काकांनी लोहचुंबक लावला, कुठेच चिकटेना. फायबर निघालं, वरून पुट्टी आणि रंग. माझ्या गाडीची मागची सीट मडगार्डवरच बोल्ट होते, म्हणजे मागे बसणाऱ्याचं वजन त्या फायबरवर, आणि बोल्टच्या भोकाशी चीर पडायला सुरुवात पण झालेली. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. पैसे गेले ते गेले, पण माणूस खाली पडला असता तर?

आरटीओ पास वगैरे पण थापच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. त्याच्या मडगार्डबरोबर साडीगार्ड आणि मागचं हँडलही काढायला लागत होतं, आणि मागे माणूस बसवायच्या गाडीला धरायला हँडल आणि मागचं निम्मं चाक तरी झाकणारं गार्ड नियमानेच लागतं.

तर घेताना शॉकअप उभा धरून पूर्ण वजन टाकून दाबा, सोडल्यावर टुणकन वर आला तर तिथेच ठेवून द्या. रबर वर सरकवून दांड्यावर नख फिरवा, खडबडीत लागला की नको. जुन्या शॉकअपची लांबी एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजून न्या, बुशचं, म्हणजे टोकाला बोल्ट जातो त्या नळीचं, भोक पण मोजा. मडगार्डसाठी खिशात चुंबक ठेवा. आणि जुने पार्ट काही झालं तरी देऊ नका, माळ्यावर पडले तरी चालतील.

परत गेलो तर "वापरलेला माल परत घेत नाही", जुने पार्ट म्हणे विकले, आणि मग नंबर ब्लॉक. मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली आहे, क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि खोललेल्या शॉकअपचे फोटो जोडलेत, पोलीस ठाण्यातही अर्ज दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत. अशाच पद्धतीने, एक्सचेंजच्या नावाखाली कुणाचे पार्ट गेले असतील तर तुम्हीही 1915 वर तक्रार करा आणि पेमेंटचा पुरावा डिलीट करू नका.